जास्तीचा एक

४ जानेवारी

हिशेबाच्या वहीची मागची चाळीस पाने दरवर्षी कोरी राहतात आणि दरवर्षी ती मला टोचतात. यंदा सून म्हणाली, "आई, त्यात रोजचं लिहा की. भाजीचे भाव सोडून." भाजीचे भाव सोडले तर माझ्याकडे लिहिण्यासारखे काय उरते, हे तिने सांगितले नाही. पण पाने फुकट जाण्यापेक्षा बरे.

तर सुनेपासूनच सुरुवात करते. मुलगा बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने पाण्यात. घरात हे, मी आणि ती. ती सॉलिसिटर होणार आहे. परीक्षा झाली, आता एका पेढीत दोन वर्षांची उमेदवारी चालू आहे, ती एप्रिलअखेर संपेल. मग तिथल्या साहेबांनी 'हिने काम नीट केले' अशा प्रमाणपत्रावर सही करायची, मग शपथ, मग सनद. साहेबांची सही नाही तर दोन वर्षे पाण्यात.

सॉलिसिटर म्हणजे वकीलच ना, असे मी पहिल्या दिवशी विचारले होते. ती म्हणाली, "वकीलच, पण कोर्टात भांडायचं नाही. कागद करायचे. खरेदीखतं, करार, मृत्युपत्रं."

यांनी वर्तमानपत्राआडून म्हटले, "न भांडणारी बाई, तीही या घरात. बघायला लोक येतील."

१९ जानेवारी

सून पेढीतले कागद घरी आणते. ते ताडायचे असतात. म्हणजे एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने नकलेवर बोट ठेवून पुढे जायचे. विरामचिन्हेसुद्धा तोंडाने म्हणायची. पेढीत ताडायला माणूस मिळत नाही आणि साहेबांची हरकत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आले. "सदर जागा स्वल्पविराम त्यातील सामानासह स्वल्पविराम" असे आम्ही दोघी ओट्याशी म्हणत होतो. शेजारीण साखर मागायला आली ती दारातच हात जोडून उभी राहिली. तिला वाटले काही पाठ चालला आहे.

तीस वर्षे रोज पोथी वाचते, अक्षर गाळायची सवय नाही. आज एका करारात टंकणाऱ्याने 'देणार नाही' मधला 'नाही' खाल्लेला सापडला. एका शब्दाने कुणाचे घर कुणाकडे गेले असते. सून म्हणाली, "आई, सनद तुम्हीच घ्या, मी भाजी बघते." तसे नको. तिच्या हाताला मिठाचा अंदाज नाही.

मग तिने माझी थट्टा केली. मी डब्यांवर, औषधाच्या बाटल्यांवर, नव्या केरसुणीच्या मुठीवर तारीख लिहिते. दूधवाल्याच्या वहीत सही करतानाही तारीख घालते. "तुमची सही तारखेशिवाय पुरी होतच नाही," ती म्हणाली. म्हटले, तारखेशिवाय सही म्हणजे देवाशिवाय देव्हारा. ती पुष्कळ वेळ हसत होती.

२ मार्च

बटणवाल्या बाईंच्या दुकानात गेले. एवढेसे दुकान, पण भिंतीभर काचेच्या नळ्या आणि त्यात रंगारंगांची बटणे. बाईंचे वय ऐंशीच्या पुढे. शेजारी त्यांची काजवाली, तीस वर्षे तिथे बसून लोकांच्या कपड्यांना काजे करून देते. माझ्या ब्लाउजला हवी ती पाच बटणे नव्हती. "मागवते," बाई म्हणाल्या आणि माझे नाव चिठ्ठीवर लिहिले. तारखेसकट. म्हणूनच मला त्या आवडतात.

बाईंनी स्वतःहून सांगितले, "काल तुमच्या सुनेच्या साहेबांकडे मृत्युपत्र करून आले. दुकान हिला." काजवाली खाली मान घालून सुईत दोरा ओवत बसली. "पुतण्या आहे म्हणा. वर्षातून एकदा येतो, मी अजून आहे का बघायला."

असे उघड बोलणे ऐकून मलाच कसेसे झाले. त्या मात्र हसत होत्या.

११ मार्च

सून आज तीन वाजताच घरी आली. येताना माझी बटणे आण म्हणून सकाळी सांगितले होते. "दुकान बंद आहे," एवढेच म्हणाली. चपला काढल्या, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. हे बाहेरच्या खोलीत शब्दकोडे सोडवत होते, पेन हातातच होते. ती यांच्यासमोरून स्वयंपाकघरात आली आणि पिशवीतून एक कागद काढला.

"आई, इथे साक्षीदार म्हणून सही हवी आहे. साहेब म्हणाले, घरच्या कुणाची तरी घेऊन ये."

बटणवाल्या बाईंचे मृत्युपत्र. बाईंची सही, तारीख १ मार्च. खाली पेढीतल्या कारकुनाची सही. त्याखाली रेघ मोकळी. वाचल्याशिवाय मी सही करत नाही. लिहिले होते, 'यांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली.'

"समक्ष म्हणजे समोरच ना गं?"

"हो."

"मग मी कुठे होते समोर?"

"त्या दिवशी टायपिस्ट बाहेर गेली होती. एक सही राहून गेली. साहेब म्हणतात, चालतं." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मग अगदी सावकाश म्हणाली, "नको वाटत असेल तर राहू द्या, आई. आणि करणार असाल, तर तुम्ही नेहमी करता तशीच करा."

माझे मन घेत नव्हते. पण प्रमाणपत्र दीड महिन्यावर आलेले, साहेबांची मर्जी गेली तर काय घ्या. शिवाय मृत्युपत्र केल्याचे बाईंनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितले होते, तेव्हा अगदीच खोटे नाही. पदराला हात पुसले, पूर्ण नाव लिहिले आणि शेजारी ११ मार्च.

ती कागदाकडे पाहतच राहिली.

"बिघडलं का काही?"

"नाही. अक्षर छान आहे तुमचं." डोळे भरले होते. कांदा तर मी चिरत नव्हते.

नंतर जेवली नाही. भाजी कालही खारट केली होती तिने, आजही, लक्ष कुठे असते देव जाणे. पोर वाईट नाही. वाईट असती तर मला एवढी काळजी लागली नसती.

१४ मार्च

फडताळात अंथरायला जुनी वर्तमानपत्रे काढली. हात घालते तो एका पानावर बटणवाल्या बाईंचा फोटो. 'दहा तारखेच्या पहाटे झोपेतच.'

मी जमिनीवर बसले. दहाला बाई गेल्या. अकराला मी लिहून दिले की त्यांनी माझ्यासमोर सही केली.

सून आली तशी पान तिच्यापुढे धरले. ती म्हणाली, "हो, आई."

"तुला ठाऊक होतं?"

"साहेबांनी जे सांगितलं ते मी केलं." तिचा आवाज कागदासारखा कोरा.

मी म्हटले, माझ्या तारखेने घात केला. नुसती सही केली असती तर कुणाला कळले नसते. तो कागद आण, ब्लेडने हलकेच खरवडते, अकरातला एक आकडा काढला की झाले. असे मी म्हणाले. मी.

"हात लावायचा नाही आता. कागद मंजुरीसाठी कोर्टात गेला," ती म्हणाली. मग माझ्यासाठी पाणी आणले.

२ एप्रिल

कोर्टातून माझ्या नावाचे पत्र. आयुष्यात पहिल्यांदा. पोस्टमनने सही मागितली, मी केली, आणि तारीख घालताना हात आखडला.

'मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाची तारीख साक्षीदाराच्या सहीशेजारी कशी, याचा समक्ष खुलासा करावा. ९ एप्रिल, सकाळी अकरा.' पुन्हा तोच शब्द, समक्ष.

यांनी चष्मा लावून तीनदा वाचले. "नवऱ्याच्या आधी बायकोला कोर्टाचं बोलावणं. आमच्या घराण्यात नव्हतं हे." विनोद होता. कुणी हसले नाही.

५ एप्रिल

साहेब घरी आले. फळांची करंडी घेऊन. दारातच बूट काढले, यांच्या तब्येतीची चौकशी केली, पाणी पिऊन भांडे स्वतः उचलून आत ठेवले. माणूस वाईट वाटत नाही, हीच पंचाईत.

"ताई, वय झालं की हात अडखळतो," ते म्हणाले. "एकच लिहायचा, दोनदा पडला. एक तारखेचे झाले अकरा. बस, एवढंच शपथेवर सांगायचं. जास्तीचा एक."

जास्तीचा एक. चाळीस वर्षे हिशेब लिहिते, माझ्या वहीत कधी एकावर एक जास्त पडला नाही. हे त्यांना सांगायला हवे होते.

"त्या काजवालीचा विचार करा. मृत्युपत्र पडलं तर दुकान पुतण्याच्या घशात. तीस वर्षं बसली बिचारी." त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. मग दारात, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "सूनबाईंचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावरच आहे. तीस तारखेला सही करीन म्हणतो."

सुनेला विचारले, मी काय सांगू? ती म्हणाली, "मी नाही सांगू शकत, आई. साक्षीदाराला काय बोलायचं ते पढवायचं नसतं. पहिल्याच वर्षी शिकवतात."

इकडे घराला आग लागली आहे आणि ही मला धडा म्हणून दाखवते. त्या रागात चार भांडी जास्त घासली. हे म्हणाले, "खरं बोल की खोटं बोल, पण लवकर ठरव. भांड्यांना पोचे पडताहेत."

करंडीला कुणी हात लावलेला नाही.

७ एप्रिल

दुपारी दार वाजले. काजवाली. हातात कागदाची पुडी. आत पाच बटणे, मला हवी तीच, आणि बाईंच्या अक्षरातली ती चिठ्ठी, २ मार्च.

"मालकीणबाई गेल्या त्याच दिवशी पार्सल आलं. तुमची ठेव म्हणून वेगळी काढली," ती म्हणाली. पैसे घेईना. बसली. माझ्या ब्लाउजच्या बाहीला उसवलेले दिसले, तर बोलता बोलता पिशवीतून सुईदोरा काढून शिवायला लागली.

"तुम्ही साक्षीदार आहात म्हणे, वहिनी. मालकीणबाई मला त्या दिवशी दुकानात बसवून गेल्या होत्या. रिक्षापर्यंतही येऊ दिलं नाही." दोरा दाताने तोडला. "सही करताना हात थरथरत होता का हो त्यांचा? हल्ली पेला धरतानाही थरथरायचा. मला म्हणायच्या, सही नीट आली नाही तर लोक म्हणतील म्हातारीला काही कळत नव्हतं. नीट आली ना?"

मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळले नाही. ती मात्र "बरं झालं" म्हणाली आणि डोळे पुसले.

ती गेल्यावर माझ्या बाहीकडे बघवेना. एवढे बारीक, सरळ टाके.

८ एप्रिल

ठरले. उद्या खोटे सांगायचे. एका बाईचे दुकान आणि एका पोरीची सनद, आणि मध्ये माझा तो एक आकडा. देवाला दिवा लावला आणि म्हटले, उद्या अकरा ते बारा जरा दुसरीकडे बघ.

हे लिहिले आहे खरे. माझ्याच अक्षरात आहे. विश्वास बसत नाही.

९ एप्रिल

जमेल तसे लिहिते.

कोर्टातली नोंदणी अधिकारी बाईच निघाली. मुलाच्या वयाची असेल. सर्दी झालेली, टेबलावर रुमालाची घडी. सून आणि हे बाहेर बाकावर. मला शपथ दिली.

"तारीख चुकली का तुमची?"

"चुकली," मी म्हणाले. झाले. निघाला शब्द. आभाळ कोसळले नाही. पंखा फिरतच होता.

तिने लिहून घेतले. मग मान वर न करता विचारले, "म्हणजे तुम्ही एक तारखेला तिथे होतात. सही वाकडीतिकडी आहे. हात थरथरत होता का त्यांचा?"

तोच प्रश्न. शब्दाला शब्द तोच. मी बाहीवरच्या टाक्यांकडे पाहिले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी तिथे नव्हते. तारीख बरोबर आहे. आधीचं 'चुकली' ते चुकलं."

अधिकारी बाईने नाक पुसले आणि पेन खाली ठेवले. "हे सिद्ध कशाने होईल?"

बसभाडे लिहायला म्हणून ही वही पिशवीत होतीच. काढून दिली. तिने ११ मार्चचे पान वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचले. पानाची नक्कल करून घेतली. नक्कल ताडायला हवी आणि कारकून जेवायला गेलेला. "बाहेर तुमची सून आहे ना? माझ्यासमोर ताडा दोघी."

ताडण्याच्या वेळी मी वाचायचे आणि सुनेने बोट फिरवायचे, हा आमचा रिवाज. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटत मी वाचू लागले. "भाजी कालही खारट केली होती तिने स्वल्पविराम आजही स्वल्पविराम लक्ष कुठे असते देव जाणे पूर्णविराम." सून नकलेवर बोट सरकवत होती. "पोर वाईट नाही पूर्णविराम. वाईट असती तर मला एवढी काळजी लागली नसती पूर्णविराम."

तिचे बोट तिथे थांबले. पुढे काही उरलेच नव्हते. मान खाली घालून ती म्हणाली, "बरोबर आहे. तंतोतंत."

अधिकारी बाईने पानातल्या एका ओळीखाली रेघ मारली होती. 'तुम्ही नेहमी करता तशीच करा.' तिने मला विचारले, "सहीला तुम्ही नेहमीच तारीख घालता?"

"केरसुणीवरसुद्धा घालते."

"हे सुनेला माहीत आहे?"

"थट्टा करते ना माझी सारखी."

बाईने सुनेकडे पुष्कळ वेळ पाहिले. काय पाहत होती कोण जाणे. सूनही तिच्याकडेच पाहत होती, नजर न हलवता. मग बाईने दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "या तुम्ही."

१० एप्रिल

साहेबांनी सुनेला पेढीत यायचे नाही म्हणून कळवले. प्रमाणपत्र नाही. दोन वर्षे गेली. मी तिच्यापुढे हात जोडले, म्हटले माझ्या एका आकड्याने तुझे वाटोळे झाले. तिने माझे हात सोडवले.

"तुमचा आकडा बरोबर होता, आई. आणि कागद मी वाहून आणला. पेढीत त्याच दिवशी नाही म्हणायला हवं होतं, तेवढं धैर्य नव्हतं माझ्यात. चौकशीत मलाही उत्तर द्यावं लागेल."

काजवालीचे काय, म्हणून मी रडू लागले. तेव्हा तिने जे सांगितले त्याने माझे रडेच थांबले. सॉलिसिटराच्या हयगयीने मृत्युपत्र पडले तर ज्याचे नुकसान झाले त्याला पेढीने भरून द्यायचे. दुकानाची पूर्ण किंमत. "साहेबांना तेच नको होतं."

म्हणजे ते ओले डोळे पेढीसाठी होते. करंडी उचलली आणि जशीच्या तशी पेढीत पोचवायला लावली. केळी काळी पडली होती, तीही मोजून परत केली.

हे मात्र शब्दकोड्यात डोके घालून. खोदून विचारल्यावर म्हणाले, "मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो त्या दिवशी. पेन हातात होतं. माझ्यासमोरून गेली आणि सही तुझी घेतली. एवढी वर्षं नोकरी केली, हजार सह्या केल्या, एकीवरही तारीख घालायचं लक्षात राहिलं नाही माझ्या, पण म्हणून काय साक्षीदार व्हायच्या लायकीचा नाही मी?"

घरावर काय वेळ आली आहे आणि यांना मानपान सुचतो.

२२ नोव्हेंबर

सात महिने वही उघडली नाही. हिशेबाची बाजू सोडून.

चौकशी झाली. साहेबांची सनद काढून घेतली. कागद वाहून आणल्याबद्दल सुनेला सहा महिने जास्त उमेदवारी, दुसऱ्या पेढीत. तिथल्या सॉलिसिटर बाईंनी तिच्या प्रमाणपत्रावर परवा सही केली. दुकान पुतण्याला गेले आणि त्याने ते कुलूप लावून ठेवले आहे. काजवालीला पेढीकडून किंमत मिळाली. तिने बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे गाळा घेतला. नळ्या नव्या आहेत, बटणे तीच. मी गेले की ती बाहीवरचे स्वतःचे टाके बोटाने चाचपून बघते. त्या दिवशीच्या सहीबद्दल मी तिला खरे सांगितले. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग बोलली.

आज सून शपथेचा कागद घेऊन आली. तिच्या सहीला दोन साक्षीदार लागतात. हे आधीच पेन घेऊन खुर्ची ओढून बसलेले.

"आई, तुम्ही समोर बसा."

"समोरच आहे."

तिने सही केली. मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रेघेपर्यंत पाहिली. हात थरथरत होता, थोडा. मग यांनी ऐटीत सही ठोकली आणि पेन टोपणात घातले.

"बाबा, तारीख," सून म्हणाली आणि हसू लागली. "म्हणूनच तर त्या दिवशी तुमची..."

ती थांबली.

माझे पेन कागदावर टेकलेले, ते तसेच राहिले. त्या दिवशी काय, असे मी विचारणार होते. तिच्याकडे पाहिले. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

मी पदराला हात पुसले, पूर्ण नाव लिहिले, आणि शेजारी तारीख घातली.